चकमकीची बंदूक, टोपीची बंदूक आणि पुसला जाणारा पुरावा

१/ अमेरिकेतील एखाद्या संग्रहात १८१६च्या नमुन्याची मस्केट दिसते. घोड्याच्या जबड्यात गारगोटी, शेजारी रंजकीची वाटी; सारे दोनशे वर्षांपूर्वीचे वाटते. परंतु अशा अनेक बंदुकांचे रूप मधल्या काळात एकदा नव्हे, दोनदा पालटले आहे. त्यामागचा इतिहास या मालिकेत पाहू.

२/ प्रथम यंत्रणा. चाप ओढताच घोडा झेपावतो, गारगोटी पोलादी पट्टीवर घासते आणि ठिणग्या वाटीतील रंजकीवर पडतात. रंजक पेटते, ज्वाला कानातून नळीत शिरते आणि बार उडतो. हा 'कान' मराठी वाचकाला तोफांमुळे परिचित आहे. शत्रूच्या हाती पडू पाहणारी तोफ त्याच कानात मेख ठोकून निकामी करीत.

३/ या रचनेचे वैरी दोन: पाऊस आणि वारा. शिवाय रंजकीचा झोत पाहून पक्षी आधीच उडून जात. शिकारीची आवड असलेले स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी यावर उपाय शोधला. आघाताने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याच्या वापराचे पेटंट त्यांनी १८०७ मध्ये घेतले. पुढे त्यातूनच तांब्याची छोटी टोपी रूढ झाली.

४/ फरक किती मोठा होता? १८३४ मध्ये इंग्लंडमधील वूलविच येथे दोन्ही प्रकारांची तुलना झाली. चकमकीची बंदूक साधारण दर साडेसहा बारांमागे एकदा फसली, तर टोपीची १६६ बारांमागे एकदा. रणांगणावर याचा अर्थ सैनिकाचे प्राण असा होता.

५/ अमेरिकेने १८४२च्या नमुन्यापासून टोपीची मस्केट स्वीकारली. परंतु कोठारांत चकमकीच्या लाखो बंदुका पडून होत्या आणि त्या टाकून देणे परवडणारे नव्हते. म्हणून सरकारी शस्त्रशाळांनी त्यांचे रूपांतर हाती घेतले.

६/ पद्धत अशी: गारगोटीचा घोडा, पोलादी पट्टी आणि तिची कमान काढली. वाटी कापून तिच्या खाचेत पितळ भरले. जुना कान बुजवला. नळीच्या मागील टोकाजवळ वरून भोक पाडून टोपीसाठी पोकळ शंकू बसवला आणि नवा, वाकडा घोडा जोडला. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा दोन्ही बाजूंच्या असंख्य सैनिकांच्या हाती अशाच बंदुका होत्या.

७/ विसाव्या शतकात संग्राहकांचा ओढा मूळ चकमकीच्या बंदुकांकडे राहिला आणि त्यांना किंमतही अधिक मिळू लागली. तेव्हा उलट प्रवास सुरू झाला. शंकूचे भोक वेल्डिंगने बुजवायचे, कान पुन्हा पाडायचा, वाटी, पट्टी आणि घोडा दुसऱ्या मोडक्या बंदुकीचे किंवा नव्याने घडवलेले लावायचे.

८/ जाणकार हे कसे ओळखतात? रंजकीच्या ज्वाळेने आणि तिच्या क्षारांनी खऱ्या जुन्या कानाभोवतीचे लोखंड खाल्लेले असते. खूप वापरलेल्या बंदुकीचा कान मात्र कोरा, धारदार असेल, तर संशय येतो. वेल्डिंगच्या उष्णतेने धातूचा जुना रंग जातो. तो कृत्रिमरीत्या परत आणला तरी भोवतालाशी क्वचितच जुळतो.

९/ मग पुनर्स्थापना गैर आहे का? तसे सरसकट म्हणता येत नाही. एखाद्या हौशी हाताने अलीकडे बिघडवलेली बंदूक दुरुस्त करणे वेगळे. शस्त्रशाळेने केलेला बदल मात्र स्वतःच इतिहास आहे. तो पुसला की १८१६चे रूप 'परत' येत नाही. १८६१चा साक्षीदार तेवढा नाहीसा होतो.

१०/ वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये तयार झालेली व्हेनिस सनद येथेही मार्गदर्शक ठरते. वास्तूत भर घालणाऱ्या सर्व काळांचा आदर करावा, तर्क सुरू होतो तेथे पुनर्स्थापना थांबावी आणि नवा भाग मूळ भागापासून ओळखता यावा, असे ती सांगते.

११/ म्हणूनच प्रामाणिक कारागीर नव्या भागांवर खूण करतो, काढलेले भाग जपतो आणि केलेल्या कामाची नोंद बंदुकीसोबत ठेवतो. ती नोंद दडवून बंदूक 'अस्सल' म्हणून विकली, तर तेच काम बनावट ठरते. पुढच्या वेळी संग्रहालयात जुनी बंदूक दिसली, तर घोड्याआधी कानाकडे पाहावे.