वसई जागची हलली नाही, पत्ता बदलत राहिला

१/ १५३४ पर्यंत वसई गुजरातच्या सुलतानाकडे होती. मोगल बादशहा हुमायूनच्या धास्तीने बहादूरशाहाने पोर्तुगिजांशी तह केला. त्या एकाच तहात वसईबरोबर मुंबईची बेटेही गेली.

२/ पुढे वसई पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे झाली. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली. वसई मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली.

३/ मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. जिथे मराठ्यांनी एका युरोपीय सत्तेला नमवले, तिथेच पेशवाई दुसरीच्या अंकित झाली.

४/ त्यानंतर मुंबई इलाखा, मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन राज्याचा ३६ वा जिल्हा पालघर झाला आणि वसई त्यात गेली.

५/ एवढ्या उलथापालथीत धर्मही विभागले. बोली मात्र विभागली नाही. वसईतले सामवेदी हिंदू आणि कुपारी ख्रिस्ती आजही एकच कादोडी बोलतात.