आनंदीबाईंची आठवण

तरुण लेक गेली की आपण फोटोला हार घालतो. पुढं तिचं नावही मागं पडतं.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. वय अवघं २१. अमेरिकेत ज्यांच्या घरी त्या राहिल्या, त्या थिओडिशिया कार्पेंटर यांना त्या मावशी म्हणत. आनंदीबाईंची रक्षा त्यांच्याकडे पाठवली गेली. मावशींनी ती पोकीप्सी गावी आपल्याच कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. तिथल्या दगडावर आनंदीबाईंचं नाव आहे, डॉक्टरकीची पदवीही आहे. इकडे काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं.

आम्ही ठरवलंय, आमच्या गटातल्या गेलेल्या लेकीसुनांची नावं आणि त्यांची कामं वहीत लिहायची. तुम्हीही लिहा.