देणाऱ्याचे पुढे काय झाले?

कागद घेऊन दारात येणारी माणसे रामाकोन्याला नवीन नाहीत. कन्हानकाठचे आमचे गाव घरात मराठी बोलते, अर्ज हिंदीत लिहिते आणि दुखणे मोठे झाले की नागपूरकडे पाहते. अशीच कागदांची पिशवी घेऊन शेजारच्या वहिनी एके दिवशी आल्या. मुलाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आपले एक त्याला द्यायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. शपथपत्र हिंदीत, तपासण्यांचे अहवाल इंग्रजीत. त्यांचा प्रश्न मात्र आपल्या बोलीत होता. "गुर्जी, पोराचं काय होईन ते डॉक्टर सांगते. माह्यं काय होईन, ते कोनीच नाही सांगत."

मी उभा जन्म शाळेत इतिहास शिकवला. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. पण हा प्रश्न इतिहासाचाच आहे असे मला वाटले. म्हणून जे वाचले, पडताळले, ते वाचकांपुढे ठेवतो.

या इतिहासाच्या अगदी पहिल्या पानावर एक आईच आहे. १९५२ च्या डिसेंबरात, नाताळाच्या सुमारास, पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात सोळा वर्षांच्या एका मुलाला त्याच्या आईचे मूत्रपिंड बसवण्यात आले. हा मुलगा सुतारकाम शिकत होता. कामावर असताना उंचावरून पडला, इजा झालेले मूत्रपिंड काढावे लागले आणि मग कळले की त्याला जन्मतःच ते एकच होते. आईने दिलेले मूत्रपिंड लगेच काम करू लागले. परंतु तीन आठवड्यांच्या सुमारास शरीराने ते नाकारले आणि मुलगा गेला. वैद्यकाने त्या तीन आठवड्यांची नोंद बारकाईने ठेवली. आईच्या पुढच्या आयुष्याकडे मात्र इतिहासाने फारसे वळून पाहिले नाही.

दोन वर्षांनी, २३ डिसेंबर १९५४ रोजी, अमेरिकेत बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला, बसवले. त्या दिवशी आपला हा मुलूख मध्य प्रदेशातच होता, पण त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. नागपूर-छिंदवाडा छोट्या लाईनची गाडी रामाकोना स्टेशनावरून जात असे आणि नागपूरचे मेडिकल कॉलेज उघडून अवघी सात वर्षे झाली होती.

हेरिक बंधू एकाच बीजाचे जुळे होते, म्हणून एकाचे शरीर दुसऱ्याचा अवयव परका मानणार नव्हते. ते खरोखर तसेच जुळे आहेत ना, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी आधी कातडीचा तुकडा लावून पाहिला, पोलीस ठाण्यात बोटांचे ठसेही तपासून घेतले. खरी अडचण निराळी होती. निरोगी माणसाच्या अंगाला, त्याच्या स्वतःच्या काहीही फायद्यासाठी नव्हे, तर दुसऱ्यासाठी सुरी लावणे वैद्याच्या धर्मात बसते काय? त्यासाठी धर्मगुरूंचा आणि कायदेपंडितांचा सल्ला घेण्यात आला. मरे यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, शस्त्रक्रियेपूर्वी रोनाल्डने विचारले होते, आयुष्यभर माझ्या प्रकृतीची जबाबदारी हे रुग्णालय घेईल काय? डॉक्टरांनी कायदेशीर हमी दिली नाही. पण तुला गरज पडली तर या खोलीतला कोणी तुला नाही म्हणेल असे वाटते का, असे उलट विचारले. बोस्टनच्या तरुणाचा आणि आमच्या वहिनींचा प्रश्न एकच होता.

रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला, संसारही केला. रोनाल्ड गणिताचा शिक्षक झाला, शेती केली, आणि २०१० मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी वारला. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

जुळे नसलेल्यांसाठी वाट मोकळी झाली ती औषधांनी. साठच्या दशकात ॲझाथायोप्रीन आले. १९७८ मध्ये केंब्रिजचे डॉ. रॉय काल्न यांनी सायक्लोस्पोरीन रुग्णांना देऊन पाहिले. त्यानंतर अवयव टिकण्याचे प्रमाण पुष्कळ सुधारले.

आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयाने या क्षेत्रात लवकर पाऊल टाकले. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये तेथे हृदय बदलले. जगात पहिले हृदय-प्रत्यारोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. तो रुग्ण काही तासच जगला. जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसवण्याचे काम १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले.

यश आले तसा बाजारही आला. १९९४ साली संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. बाकीच्या राज्यांनी ठराव करून स्वीकारायचा होता. म्हणजे तेव्हा सावनेरपलीकडे एक स्थिती आणि सौसरला दुसरी! सीमेवरच्या माणसाला याचे नवल नाही. या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली आणि जवळच्या नात्याबाहेरच्या दात्यासाठी समितीची परवानगी आवश्यक झाली. तरी गरिबीची वाट बंद झाली नाही. मूत्रपिंड विकलेल्या चेन्नईतील ३०५ जणांची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ९६ टक्क्यांनी कर्ज फेडण्यासाठी विक्री केली होती. पुढे त्यांचे घरउत्पन्न वाढण्याऐवजी एक-तृतीयांशाने घटले आणि ८६ टक्क्यांनी प्रकृती खालावल्याचे सांगितले.

आता आपखुशीने देणाऱ्यांकडे वळू. एक मूत्रपिंड काढल्यावर उरलेले थोडे मोठे होते, जास्त काम उचलते आणि एकूण क्षमता पूर्वीच्या सुमारे ७० टक्क्यांवर येऊन स्थिरावते. अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठाने १९६३ पासूनच्या ३,६९८ दात्यांचा मागोवा घेऊन २००९ मध्ये सांगितले की त्यांचे आयुर्मान इतरांइतकेच आहे. सर्वांना हायसे वाटले. पण या हिशेबात एक खोट होती. दाता निवडतानाच रक्तदाब, मधुमेह नसलेला, धडधाकट माणूस निवडतात; त्याची तुलना सरसकट लोकांशी केली तर तो चांगलाच दिसणार. पहिल्या बाकावरच्या मुलाची तुलना अख्ख्या वर्गाशी करावी, तसे ते झाले. २०१४ मध्ये ९६,२१७ दात्यांची तुलना तितक्याच निरोगी माणसांशी केली गेली. पंधरा वर्षांत मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण दात्यांत दहा हजारांत सुमारे ३१ आणि न देणाऱ्या निरोगी माणसांत सुमारे ४ निघाले. धोका लहान आहे, पण शून्य नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांतले मृत्यू पूर्वी दहा हजारांत तीन होते. २०१३ ते २०२२ या काळात ते एकाच्याही खाली आले. दान केलेल्या स्त्रियांना पुढच्या गर्भारपणात रक्तदाबाचा त्रास अधिक होतो, हेही २०१५ मध्ये दिसून आले. तेव्हा तरुण सुनेला किंवा मुलीला पुढे करण्याआधी याचा विचार हवा.

आपल्या समाजाने डोळे उघडून पाहावा असा एक आकडा आहे. १९९५ ते २०२१ या काळात भारतात नोंदलेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांसाठी आणि ६,९४५ स्त्रियांसाठी होती. २०१९ च्या माहितीवरून केलेल्या अभ्यासात जिवंत दात्यांत सुमारे ८० टक्के स्त्रिया आढळल्या, बहुतेक पत्नी नाहीतर आई. ही माया खरीच आहे. पण घरातल्या पुरुषांची तपासणी आधी का होत नाही, हे कोणी विचारत नाही. वहिनींच्या घरीही कोणी विचारले नव्हते. मी विचारले, तेव्हा क्षणभर सगळे गप्प झाले. मग वडिलांचीही तपासणी झाली. त्यांना मधुमेह निघाला. भार शेवटी वहिनींवरच आला, पण तो विचारपूर्वक आला.

जिवंत माणसावरचा हा भार कमी करण्याचा उपाय मरणोत्तर दानात आहे. २०२३ मध्ये देशात १८,३७८ प्रत्यारोपणे झाली. मृत्यूनंतर अवयव देणारे मात्र १,०९९ होते. त्याच वर्षी केंद्राने मरणोत्तर अवयवांच्या प्रतीक्षायादीसाठी रहिवासी दाखल्याची अट काढून टाकण्यास राज्यांना सांगितले. १९५६ मध्ये नागपूर एका राज्यात आणि आपण दुसऱ्यात राहिलो. तेव्हा छिंदवाड्याच्या आणि आताच्या पांढुर्णा जिल्ह्याच्या माणसाला या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ पासून मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊ लागले आहे, हीही जमेची बाजू.

वहिनींना मी हे सारे सांगितले, भीती न घालता आणि लपवून न ठेवता. वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनीन तपासायचे; मनाने दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, हेही लिहून दिले. त्या म्हणाल्या, "आता बरं वाटलं. देतो मी." त्यांनी दिलेही. दाते आणि रुग्ण, दोघांची राष्ट्रीय नोंदवही ठेवण्याची तरतूद २०११ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. पण त्याआधी घरातली नोंदवही हवी. वहिनी आता मुलासोबत नागपूरला निघतात तेव्हा पिशवीत फायली दोन असतात, आणि दुसऱ्या फायलीवर नाव त्यांचे स्वतःचे असते.