विजेची गाडी आणि निपाणीचा रस्ता

बेळगावाहून निपाणीस जाणारा रस्ता मी आजवर किती वेळा तुडविला असेल, याची गणती करणे मला शक्य नाही. काकती, वंटमुरीचा घाट, यमकनमर्डी, हत्तरगी, संकेश्वर, तवंदीचा घाट आणि त्याच्या पायथ्याशी तंबाखूच्या वखारींची निपाणी, हा क्रम मला परवच्यासारखा पाठ आहे. लहानपणी हा रस्ता मी वडिलांच्या मांडीवर बसून पाहिला. मिसरूड फुटल्यावर याच रस्त्यावर फियाटचे चाक प्रथम हाती धरले. त्या गाडीचे १०८९ घनसेंटिमीटरांचे यंत्र वंटमुरीच्या चढावर कण्हू लागले की दुसऱ्या गिअरात यावे, हे मला कोणी शब्दांनी शिकविले नाही. त्या कण्हण्यानेच शिकविले. गोव्यास जाण्याचा योग आला की पणजीच्या रस्त्यांवरच्या जुन्या मर्सिडीज टॅक्सींकडे मी देवदर्शनास आल्याप्रमाणे पाहत राही. अशा माणसास मोटारीचा छंद होता असे म्हणण्यापेक्षा मोटारीने त्याला घडविले, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

यंदाच्या दिवाळीत पुण्याचा पुतण्या विजेची गाडी घेऊन घरी आला. बीवायडी या चिनी कंपनीची 'सील' नावाची, बैठ्या बांध्याची, शर्यतीच्या गाडीचा डौल असलेली ती सेडान होती. "काका, एकदा चालवून तर बघा," असे म्हणून त्याने किल्ली पुढे केली.

"अरे, जिला आवाज नाही तिला मोटार म्हणायचे कसे?" मी म्हणालो.

"निपाणीपर्यंत जाऊन या. मग म्हणा."

गाडीत बसलो आणि पहिली फजिती झाली. डावा पाय क्लच शोधू लागला. पन्नास वर्षांची ती सवय. क्लच नाही हे डोक्याला कळले तरी पायाला कळेना. गाडी सुरू झाली ती कधी, हेही समजले नाही. टिळकवाडीतून बाहेर पडून महामार्गास लागेपर्यंत टायरांची घरघर आणि वाऱ्याचा सूर यांवाचून कानी काही आले नाही. काकती मागे टाकल्यावर रस्ता मोकळा दिसला, तेव्हा मी पाय थोडा जोराने दाबला. पाठ आसनास चिकटली आणि मी काही म्हणायच्या आत काटा शंभरावर आला. थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटर वेग या गाडीचा सर्वांत बलवान प्रकार ३.८ सेकंदांत गाठतो, असे तिचे निर्माते सांगतात. दोन टनांहून अधिक वजनाची गाडी आणि पाचशेहून अधिक अश्वशक्ती! पेट्रोलच्या यंत्रास बळ येण्यासाठी आधी त्याचे फेरे वाढावे लागतात. विजेच्या मोटरीचे पूर्ण बळ मात्र पहिल्या फेऱ्यापासूनच चाकाशी हजर असते. हे मी पुस्तकात वाचले होते. पाठीने वाचले ते त्या दिवशी.

वाचकांना वाटेल की ही नवलाई आजची आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो, आणि त्याचा एक धागा आपल्या बेळगावाशी येऊन मिळतो. त्यासाठी आपणांस १८८८ या एका वर्षाकडे वळले पाहिजे.

त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात कार्ल बेंझची पत्नी बेर्था आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्यास न सांगता, त्याने बनविलेल्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइम येथे माहेरी गेली. अंतर सुमारे १०६ किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचे बेळगाव ते कोल्हापूर. वाटेत वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतले, टोपीच्या पिनेने बंद पडलेली नळी मोकळी केली, आणि झिजलेल्या ब्रेकांना चांभाराकडून चामडे लावून घेतले. पेट्रोलच्या मोटारीचा पहिला दूरचा प्रवास तो हाच. त्याच वर्षी जर्मनीतीलच कोबुर्ग गावी आंद्रेआस फ्लोकेन याने विजेवर चालणारी चारचाकी तयार केली. विजेच्या मोटारींत पहिलीचा मान सामान्यतः तिला देतात. त्याच वर्षी १ मे रोजी अमेरिकेत निकोला टेस्ला याला इंडक्शन मोटरीची एकस्वे मिळाली. आणि बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधू रामुअण्णा यांचे सायकलींचे दुकान निघाले. किर्लोस्कर उद्योगसमूह आपले वय याच १८८८ सालापासून मोजतो. पेट्रोलची गाडी, विजेची गाडी, विजेची मोटर आणि बेळगावची सायकल या चौघी एका वयाच्या मैत्रिणी आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

यांतील विजेची गाडी तारुण्यात सर्वांच्या पुढे होती. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळच्या आशेर येथे कामी जेनात्सी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने, कधीही समाधानी न होणारी अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिलेली आपली विजेची गाडी ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने पळविली. रस्त्यावरच्या वाहनाने शंभरी ओलांडण्याची ती पहिली वेळ. आणि त्या वाहनात पेट्रोलचा थेंबही नव्हता. १९०० साली अमेरिकेत ४१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १६८१ वाफेच्या, १५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या.

मग ही पुढची गाडी मागे का पडली? १९०१ साली टेक्ससमध्ये तेलाचे प्रचंड साठे लागले आणि पेट्रोल स्वस्त झाले. १९०८ साली हेन्री फोर्डने सामान्य माणसाच्या खिशाला झेपेल अशी 'मॉडेल टी' आणली. १९१२ साली कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला आणि हॅंडल फिरवून मनगट मोडून घेण्याची पाळी संपली. नियतीचा विनोद असा, की विजेच्या गाडीचा पराभव करण्यास विजेच्याच एका लहानशा मोटरीने हातभार लावला! तिचे खरे दुखणे मात्र बॅटरीत होते. गास्तों प्लांते याने १८५९ साली शोधलेली शिशाची बॅटरी वजनाने भारी आणि साठवणीने तोकडी. गावाबाहेर रस्ते लांबत गेले, तशी ती गाडी गावातच राहिली.

पुढची ऐंशी वर्षे विजेने रूळ धरले. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची आगगाडी धावली. जिथे तार डोक्यावर नेता येते तिथे वीज जिंकली. जिथे ती पोटात साठवून न्यावी लागते तिथे हरली. हा निकाल फिरविला तो रसायनशास्त्राने. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. १९९७ साली टेक्सस विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्याबरोबर अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी या दोन भारतीय संशोधकांनी लोह, फॉस्फेट आणि लिथियम यांच्या संयुगाचा बॅटरीसाठी उपयोग दाखवून दिला. गुडइनफ यांना २०१९ साली, वयाच्या ९७व्या वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले. मी चालवीत होतो त्या गाडीच्या तळाशी याच रसायनाची बॅटरी आहे. आणि गाडीच्या पुढच्या चाकांशी जी मोटर आहे, ती टेस्लाच्या १८८८ सालच्या इंडक्शन मोटरीची थेट वंशज आहे.

या बॅटरीत सुमारे साडेब्याऐंशी युनिट वीज मावते. आपल्याकडच्या बेताच्या घराची ही जवळजवळ महिन्याची वीज. पेट्रोलच्या भाषेत मात्र ही सारी शक्ती उण्यापुऱ्या नऊ लिटरांत बसते. नऊ लिटरांवर माझी फियाट जेमतेम कोल्हापूरला पोहोचली असती. ही गाडी तेवढ्याच शक्तीवर चारशे किलोमीटरांच्या पलीकडे जाते. कारण पेट्रोलचे यंत्र आपल्या शक्तीचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग उष्णता म्हणून उधळते, तर विजेची मोटर दहातले नऊ भाग चाकाला देते. ज्या गुरगुरण्यावर मी आयुष्यभर लुब्ध झालो, तो या उधळपट्टीचाच नाद होता, हे कबूल करणे मला सोपे गेले नाही.

संकेश्वर मागे पडले आणि तवंदीचा घाट आला. उतारावर मी सवयीने खालचा गिअर शोधू लागलो, गिअर नव्हता. पायाचा दाब काढून घेताच गाडी आपोआप आवरली गेली आणि पुढच्या पडद्यावर वीज बॅटरीत परत जात असल्याची खूण उमटली. मोटर आता जनित्र झाली होती. घाट चढताना खर्चिलेल्या ठेवीतील काही भाग उतारावर परत मिळावा, असा व्यवहार माझ्या कोणत्याही गाडीने आजवर केला नव्हता. खाली निपाणी दिसू लागली. तिच्या पुढे कोगनोळीचा नाका, आणि पलीकडे कागल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, चंदगड तालुका वगळून, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून येथील गाड्यांच्या कपाळावरची अक्षरे बदलली. आज नाक्यावर केए-२२, केए-२३, एमएच-०९ आणि गोव्याच्या पाट्या एकाच रांगेत उभ्या असतात. मी रांगेच्या कडेला जरा वेळ थांबलो. एरवी अशा ठिकाणी माझी गाडी धडधडत उभी असे. आज ती आणि मी दोघेही गप्प होतो.

परतल्यावर माझे जुने मिस्त्री गाडी पाहण्यास आले. चाळीस वर्षे त्यांनी माझ्या गाड्या नुसत्या आवाजावरून ओळखल्या. त्यांनी पुढचे झाकण उघडले, आत पाहिले आणि पुन्हा मिटले. "साहेब, ह्यात आमचं काम काय उरलं की हो?" एवढेच ते म्हणाले.

हा प्रश्न एका मिस्त्रीचा नाही. बेळगाव हे ओतकामाचे शहर आहे. उद्यमबागेत आणि तिच्या आसपास साच्यांत लोखंड ओतून सुटे भाग बनविणारे कारखाने आहेत आणि त्यांवर हजारोंची चूल पेटते. पेट्रोल-डिझेलच्या यंत्राचा ठोकळा, त्याचे डोके, फ्लायव्हील, धुराड्याची नळी, हे सारे ओतीव लोखंड. विजेच्या मोटारीत यांतले काहीच नाही. ब्रेकच्या तबकड्या राहतील, ट्रॅक्टर आणि पंप राहतील, मालमोटारींना वेळ लागेल. परंतु मोटारगाडीच्या पोटातील लोखंड कमी होत जाणार, हे उघड आहे. नव्या मोटरीस लागणाऱ्या चुंबकांसाठी आपण चीनवर किती अवलंबून आहोत, हे २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या देशाने निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा आपल्या कारखानदारांस कळून चुकले.

अशा वेळी मला पुन्हा लक्ष्मणरावांकडे पाहावेसे वाटते. याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेला हा माणूस सायकलींवर थांबला नाही. त्याने कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ साली लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीस विष चढेल असा त्या वेळी शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिले नांगर कित्येक दिवस गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून होते. विजेच्या गाडीविषयी आज आपण जे बोलतो, त्यात या समजाचा प्रतिध्वनी मला ऐकू येतो. माझ्या स्वतःच्या बोलण्यातही आला होता. पुढे बेळगावातील कारखान्याची जागा सोडणे त्यांना भाग पडले. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरामागून पंप आले, आणि १९४६ साली विजेच्या मोटरी बनविणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी बंगळूरास निघाली. ज्या बीजाला बेळगावात अंकुर फुटला त्याची फळे इतर गावांनी चाखली. याच राज्यात, बंगळुरास, २००१ साली 'रेवा' ही छोटी विजेची गाडी विक्रीस आली आणि पुढे लंडनच्या रस्त्यांवर 'जी-विझ' या नावाने फिरली. एका भारणीत सुमारे ८० किलोमीटर जाणारी ती गाडी पाहून माझ्यासारखे हसले होते. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

बेळगावच्या ओतकाऱ्याचा हात हलका नाही. तो लोखंडाकडून अॅल्युमिनियमकडे, यंत्राच्या ठोकळ्याकडून मोटरीच्या कवचाकडे वळू शकतो. मात्र त्यास ते शिकविणाऱ्या शाळा, नवी भट्टी घालण्यास भांडवल आणि मुख्य म्हणजे वेळेवर दिलेली सूचना हवी. १९१० साली या शहराने एक माणूस आणि त्याच्याबरोबर एक उद्योग जाऊ दिला. तो माणूस परका नव्हता, याच मातीतला होता. त्याला जागा तेवढी मिळाली नाही.

पुतण्या पुण्यास परत निघाला तेव्हा मिस्त्री पुन्हा आले. या वेळी त्यांनी आपल्या नातवास आणले होते. तो येथील तंत्रनिकेतनात शिकतो. झाकण उघडून तो बराच वेळ वाकून पाहत होता, आणि आजोबांना मोटर कोठे आणि बॅटरी कोठे हे दाखवीत होता. मिस्त्री मान हलवीत ऐकत होते. चाळीस वर्षांत मी त्यांना प्रश्न विचारताना प्रथमच पाहिले.