कागदी लिंबू : जमिनीतील ओल, पानगळ आणि नवती

खर्डा परिसरात कडुलिंब चैत्रात पालवतो. पाऊस थांबून तोवर पाच-सहा महिने झालेले असतात आणि वरची माती कोरडी ठणठणीत असते. ही पालवी खालच्या थरातल्या ओलीवर येते. जुनी पाने गळाली की पानांतून उडून जाणारे पाणी थांबते, मुळे मात्र खालून पाणी ओढत राहतात. फांदीत पाणी भरले की डोळे फुटतात. उथळ, मुरमाड उतारावर खाली ओल नसते, म्हणून तिथली मोईसारखी झाडे पावसापर्यंत बोडकीच राहतात.

कागदी लिंबू सदाहरित आहे, पण ताण देताना आपण त्याच्याकडून हेच करून घेतो. माती सुकू लागली की सर्वांत आधी नवीन पानाची वाढ थांबते. पान अन्न तयार करतच असते, ते खर्च न होता फांदीत साठते. ताण वाढला की जुनी पाने पिवळी पडून गळतात. त्यानंतर पाणी मिळाले की नवती आणि फूल बरोबरच येते. ताण न बसलेल्या बागेला पाणी दिले तर नुसती पाने वाढतात. बाग हिरवीगार दिसते, पण उन्हाळ्यात तोडायला लिंबू नसते.

ताण किती दिवस द्यायचा, हे जमिनीवर ठरते. खोल काळी जमीन मीटरभर थरात साधारण 150 ते 200 मि.मी. पाणी झाडाला देऊ शकते, फूटभर मुरमाड माती जेमतेम 30 मि.मी. त्यामुळे हलक्या जमिनीत सुमारे महिनाभर आणि भारी जमिनीत दीड ते दोन महिने हा अंदाज सांगितला जातो. तो अंदाजच समजावा. दिवस मोजून ताण तोडण्यापेक्षा पान पाहावे. दुपारी सुकलेले पान संध्याकाळी सावरत असेल तर खाली ओल आहे. सकाळीही पान मलूल असेल आणि पाव ते एक तृतीयांश पाने गळाली असतील, तर ताण पुरेसा झाला. शेंडे वाळू लागले तर उशीर झाला आहे, लगेच पाणी द्यावे.

आपल्याकडची खरी अडचण हस्त बहाराची आहे. उन्हाळी लिंबाला भाव असतो, पण त्यासाठी ताण भाद्रपदात बसायला हवा आणि जिल्ह्यात सप्टेंबर हाच मोठ्या पावसाचा महिना. काळ्या जमिनीत पंधरा दिवसांची उघडीप मिळाली तरी खालची ओल हटत नाही. अशा बागेत हस्त बहाराचा हट्ट न धरता आंबे बहार धरणे मला शहाणपणाचे वाटते. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत हस्त बहार साधतो. तिथे चर काढून पावसाचे पाणी बागेबाहेर घालवावे, आळी मोकळी ठेवावीत.

ताण तोडण्यापूर्वी विहिरीचे पाणी मोजा. फुलानंतर पाणी कमी पडले तर फूल आणि बारीक फळ दोन्ही गळतात, शिवाय ताणाने खचलेले झाड सावरत नाही. पाणी पुरणार नसेल त्या वर्षी बहार धरू नये, झाड जगवावे.

पहिले पाणी हलके द्यावे, नंतर वाफसा पाहून वाढवावे. एकदम भरपूर पाणी दिल्यास पाने अधिक येतात व फुले गळतात. नवती कोवळी असताना नागअळी आणि पाने खाणारी लिंबावरील फुलपाखराची अळी येते. पानावर नागमोडी रेषा दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा.