सॅन होजे येथील बिनतारी विद्यालय आणि नभोवाणीच्या आरंभाचा प्रश्न

नभोवाणीचा आरंभ केव्हा झाला, ह्या प्रश्नाचे पाठ्यग्रंथांतील उत्तर बहुधा एकच असते. २ नोव्हेंबर १९२० रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथून के. डी. के. ए. ह्या केंद्राने अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल ध्वनिक्षेपित केले, आणि तेथून ह्या माध्यमाचा इतिहास सुरू झाला, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. हे उत्तर सोयीचे आहे. त्यात वेस्टिंगहाऊससारखी बलाढ्य कंपनी आहे, सरकारी परवाना आहे, ठरलेली वेळ आहे, आणि घरोघरी विकावयाचे ग्राहकयंत्रही आहे. इतिहासकारास जी जी कागदपत्रे हवीशी वाटतात ती सारी अशा ठिकाणी आयती सापडतात. परंतु त्याच्या कितीतरी वर्षे आधी कॅलिफोर्नियातील सॅन होजे ह्या गावी एक शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून बिनतारी यंत्रावरून गाणी ऐकवीत होता. त्याचे नाव चार्ल्स डेव्हिड हेरल्ड. त्याला 'पहिला' म्हणावे की नाही, ह्या वादावर बरीच शाई खर्च झाली आहे. प्रस्तुत लेखाचा रोख थोडा निराळा आहे. हेरल्ड यांचे ध्वनिक्षेपण हे मूलतः अध्यापनाचे अंग होते, आणि ते तसे होते म्हणूनच त्याचा पुरावा तुटपुंजा राहिला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हेरल्ड यांचा जन्म १८७५ चा. काही काळ ते स्टॅनफर्ड विद्यापीठात होते, पण प्रकृतीमुळे पदवी पुरी झाली नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील त्यांची प्रयोगशाळा १९०६ च्या भूकंपात नष्ट झाली, आणि उदरनिर्वाहासाठी ते स्टॉक्टन येथील एका विद्यालयात अभियांत्रिकी शिकवू लागले. शिक्षकी पेशा त्यांच्याकडे असा आपत्तीच्या वाटेने आला. पुढे मात्र तो सुटला नाही. १९०९ च्या आरंभी त्यांनी सॅन होजे येथे स्वतःचे बिनतारी व अभियांत्रिकी विद्यालय उघडले. जागा गावातील गार्डन सिटी बँकेच्या सात मजली इमारतीत होती, आणि तिच्या छपरापासून शेजारच्या इमारतींवर तारांचे भले मोठे जाळे पसरलेले होते.

विद्यालयाचा उघड हेतू जहाजांवरील बिनतारी तारायंत्र-चालक तयार करण्याचा होता. पन्नास किंवा अधिक माणसे नेणाऱ्या सागरगामी जहाजांवर बिनतारी यंत्र सक्तीचे करणारा कायदा १९१० मध्ये झाला. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नवा कायदा होऊन चालकांना व केंद्रांना परवाने आवश्यक ठरले. अशा काळात शिकलेल्या चालकास मागणी होती. मात्र मोर्सच्या टिंबरेघा तासन् तास कानात भरून घेणे हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना किती रुचणार? हेरल्ड यांच्या वर्गात टिंबरेघांच्या जोडीला मनुष्याचा आवाज आला, आणि मुले घरी जाऊन खडा व तार जुळवून ग्राहकयंत्रे करू लागली. श्रोतृवर्ग असा वर्गातूनच निर्माण झाला. संध्याकाळी जो विद्यार्थी यंत्रापाशी उभा असे, तोच दुसऱ्या दिवशी गावातल्या मित्राला विचारी की काल काय ऐकू आले आणि किती स्पष्ट.

ह्या मुलांपैकी रे न्यूबी हा हेरल्ड यांचा पहिला सहायक. तो स्वतः जेमतेम सोळा वर्षांचा असताना विद्यालयात सांकेतिक लिपी शिकवीत असे. त्याने उतारवयात सांगितलेल्या हकिकतीनुसार आरंभीचे प्रयोग एका लहान ठिणगी-वेटोळ्यावर झाले. ठिणगीपासून निघणाऱ्या लहरी तुटक व क्षणात विरणाऱ्या असतात. त्यांवर आवाज चढविला तर तो खरखरीत बुडून जातो. अखंड लहरी हव्या असतील तर विद्युत्-कमान पाहिजे. हेरल्ड यांनी द्रवात बुडवून पेटत्या ठेवलेल्या अनेक लहान कमानी एकापुढे एक जोडून आपले 'आर्क फोन' यंत्र सिद्ध केले, आणि त्यासाठी ट्रॅमच्या तारांतून मिळणारा सुमारे ५०० व्होल्ट दाबाचा प्रवाह वापरला. नवी अडचण ध्वनिग्राहकाची होती. त्या काळी ध्वनिग्राहकातूनच आकाशतारेचा सारा प्रवाह वाहू द्यावा लागे, त्यामुळे आतील कोळशाचे कण तापून एकमेकांस चिकटत व बोलणाऱ्याच्या ओठांना चटका बसे. हेरल्ड यांनी ध्वनिग्राहकाभोवती पाणी खेळवून तो थंड राखला. आज ही युक्ती ओबडधोबड वाटेल. पण अर्धा तास सलग कार्यक्रम करता येणे न येणे ह्या पाण्यावर अवलंबून होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

कार्यक्रमाचे स्वरूप ठरविण्यात हेरल्ड यांच्या पत्नी सिबिल यांचा वाटा मोठा आहे. आपण गावातील शर्मन, क्ले ह्या वाद्यांच्या दुकानातून नव्या तबकड्या उसन्या आणीत होतो आणि ऐकणाऱ्या मुलांनी मागितलेली गाणी लावीत होतो, असे त्यांनी पुढे सांगितले. त्या दुकानाने आपल्याकडे ग्राहकयंत्रे ठेवून कर्णयंत्रांवर गिऱ्हाइकांना ही गाणी ऐकण्याची सोयही केली होती. बुधवारी रात्री नऊ ही वेळ सांगितली जाते. फर्माइशी, दुकानाचा उल्लेख आणि ठरलेला वार ही तिन्ही अंगे तेथे १९२० च्या आधी दिसतात, आणि त्यांतील एकही कोण्या कंपनीच्या कचेरीत ठरलेले नाही.

आता पुराव्याचा विचार करू. १९०९ पासूनच नियमित ध्वनिक्षेपण होते, हा दावा मुख्यतः हेरल्ड यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढील काळातील निवेदनांवर उभा आहे. समकालीन लेख म्हणावा असा एक आहे : १९१० च्या जूनमधील हेरल्ड यांचे शपथपत्र. आपण सांता क्लारा खोऱ्यातील हौशी लोकांना बिनतारी संगीत ऐकवीत आहोत, असे त्यात म्हटले आहे. परंतु ते छापले गेले एका विद्युत्-साहित्य विक्रेत्याच्या सूचिपत्रात, त्याच्या वेटोळ्याची शिफारस म्हणून. जाहिरातीतील शपथ ही शपथ खरीच, तरी इतिहासकाराने ती जरा हात राखून घ्यावी. तिच्यावरून १९१० मध्ये संगीत ऐकविले जात होते एवढे सिद्ध होते. ते नियमित होते असे सिद्ध होत नाही. त्यानंतरचा भक्कम आधार १९१२ च्या जुलैमधील स्थानिक वृत्तपत्राचा. बिनतारी दूरध्वनीवरून संगीताचा कार्यक्रम झाल्याचे व तो दूरवर ऐकू गेल्याचे त्यात नमूद आहे. म्हणून १९१२ हे वर्ष धरणे मला सयुक्तिक वाटते. १९०९ चा आग्रह धरणाऱ्यांनी आपली बाजू उगाच दुबळी केली आहे.

हा सारा पुरावा उजेडात आणण्याचे श्रेय गॉर्डन ग्रेब ह्या प्राध्यापकास आहे. सॅन होजे स्टेट महाविद्यालयात वृत्तविद्या शिकविणाऱ्या ह्या गृहस्थांनी हयात असलेल्या सहकाऱ्यांना व शिष्यांना शोधून काढले, त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, आणि १९५८-५९ च्या हिवाळी अंकात 'जर्नल ऑफ ब्रॉडकास्टिंग' मध्ये आपला लेख प्रसिद्ध केला. पुढे २००३ मध्ये माइक अॅडम्स यांच्यासह त्यांनी हेरल्ड यांचे चरित्रही लिहिले. साधनांबाबत एक शंका मात्र घेतलीच पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वीच्या बुधवारची आठवण सुवर्णमहोत्सवाच्या तयारीत विचारली जाते, तेव्हा ती थोडी उत्सवाच्या रंगाने रंगणारच.

विरुद्ध बाजूची साधनेही निःपक्षपाती नाहीत. १९७७ मध्ये बॉडिनो व किट्रॉस ह्या दोघांनी त्याच नियतकालिकात चार दावेदार केंद्रांची तुलना करून के. डी. के. ए.च्या बाजूने कौल दिला. त्यांनी लावलेल्या कसोट्यांत परवाना व अखंडता ह्यांना महत्त्व आहे. लेख काळजीपूर्वक लिहिलेला आहे. पण दोघांपैकी बॉडिनो हे वेस्टिंगहाऊसच्या ध्वनिक्षेपण-विभागाचे वरिष्ठ अधिकारी होते, हे विसरून तो वाचू नये. परवान्याची कसोटी तर चमत्कारिकच आहे. १९१२ पूर्वी परवानाच नव्हता, आणि 'ध्वनिक्षेपण' असा स्वतंत्र परवाना-वर्ग १९२१ च्या डिसेंबरपर्यंत अस्तित्वात आला नव्हता, के. डी. के. ए.चा १९२० मधील परवानाही त्या वर्गाचा असणे शक्य नव्हते. अखंडतेची कसोटी मात्र हेरल्ड यांना खरोखर अडचणीची आहे. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरताच खासगी केंद्रे बंद करण्यात आली. सॅन होजे येथील यंत्र मूक झाले, आणि के. क्यू. डब्ल्यू. ह्या नावाने परवाना मिळाला तो ९ डिसेंबर १९२१ रोजी. मधली वर्षे रिकामी आहेत, आणि ती भरून काढता येत नाहीत.

'ब्रॉडकास्ट' हा शब्द मुळात शेतीचा. पाभरीने ओळीत पेरणे निराळे आणि मुठीने बी फोकणे निराळे. हेरल्ड यांनी उत्तरायुष्यात असे सांगितले की ह्या दोहोंतील भेद आपण बिनतारीस लावला होता. शब्दाच्या जनकत्वाचा हा दावा मान्य करण्याचे कारण नाही. पण भेद खरा आहे. हेरल्ड ज्या कंपनीत काही काळ मुख्य अभियंता होते, तिला दोन ठिकाणांमधील बिनतारी दूरध्वनी हवा होता. सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे असे संभाषण घडवून तेवढे यश त्यांनी दाखविलेही. व्यवसाय त्या ओळीतल्या पेरणीत होता. कंपनीशी त्यांचे बिनसले आणि प्रकरण न्यायालयात गेले. फोकलेले बी फक्त विद्यालयाच्या उपयोगाचे होते, कारण कोण ऐकतो ह्याचा हिशेब ठेवण्याची गरज शिक्षकाला नव्हती. आपल्याकडेही १९२७ च्या जुलैमध्ये मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र उघडले, त्यापूर्वी तीन-चार वर्षे मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील रेडिओ क्लबांतील हौशी मंडळी ध्वनिक्षेपण करीत होती. इतिहास मात्र पुष्कळदा कंपनीपासून मोजला जातो.

युद्धानंतर निर्वात नलिका आल्या व कमानीचे यंत्र एकाएकी निरुपयोगी झाले. ज्या विद्येत हेरल्ड पारंगत होते ती विद्याच कालबाह्य झाली. केंद्र चालविण्याचा खर्च झेपेना. १९२५ मध्ये ते गावातील फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चकडे गेले. पुढे काही वर्षे त्यांनी ओकलंडच्या शाळांत यंत्रदुरुस्तीचे काम केले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते एका जहाज-कारखान्यात झाडलोट करीत होते. १ जुलै १९४८ रोजी हेवर्ड येथील एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी के. क्यू. डब्ल्यू. हे नाव जाऊन केंद्र के. सी. बी. एस. झाले. ग्रेब यांनी मुलाखती घेतल्या तोपर्यंत गुरूला जाऊन दहा वर्षे उलटली होती; यंत्रापाशी उभे राहिलेले काही शिष्य मात्र अद्याप बोलण्यास हयात होते.