तुऱ्याचे मोल

कोंबड्याच्या डोक्यावरील तांबड्या तुऱ्यासाठी मनुष्याने केवढा खटाटोप केला आहे, याची कल्पना मेळघाटातील सेमाडोहास येणे कठीण. सिपना नदीकाठच्या ह्या गावी कोरकूंच्या अंगणांत कोंबड्या फिरतात. लगतच्या अरण्यात राखी रानकोंबडा आरवतो. तुऱ्यास किती दाते असावेत, याचा नियम मात्र येथे कोणी लिहून ठेविला नाही.

तो लिहिला इंग्लंडाने. १८३५ च्या कायद्याने तेथील कोंबड्यांच्या झुंजींस बंदी झाली, १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात कोंबड्यांचे प्रदर्शन भरले, आणि १८६५ साली जातिवंत पक्ष्यांच्या लक्षणांचे प्रमाणपुस्तक निघाले. पूर्वी झुंजीत ठरणारी योग्यता आता परीक्षकाच्या नजरेने ठरू लागली. आपल्याकडील असील कोंबड्याचा बसका, वाटाण्यांच्या तीन ओळींसारखा तुरा हा झुंजीचाच वारसा असावा. प्रतिपक्षाच्या चोचीस त्यात धरावयास फारसे काही सापडत नाही. प्रदर्शनातील तुरा असल्या उपयोगासाठी नव्हता. तो केवळ पाहण्यासाठी होता.

ह्या शौकातूनच एक मोठा शोध लागला, हे मात्र मान्य केले पाहिजे. केंब्रिजच्या विल्यम बेटसनने मटारांवरील मेंडेलचे नियम प्राण्यांसही लागू पडतात हे १९०२ साली प्रथम दाखविले, ते कोंबड्यांच्या आधारे. पुढे त्याने व पनेटने गुलाबतुऱ्याचा पक्षी वाटाणातुऱ्याच्या पक्ष्याशी जोडला, तेव्हा पिलांस दोहोंपैकी एकही तुरा आला नाही. अक्रोडाच्या आकाराचा तिसराच आला. ती पिले आपसांत जोडली असता सोळांत सरासरी नऊ अक्रोडतुरे, तीन गुलाबतुरे, तीन वाटाणातुरे आणि एक साधा, करवतीसारखा एकेरी तुरा असे प्रमाण पडले. तो एकेरी तुरा आजा-आजीपैकी कोणाच्याही डोक्यावर नव्हता. दोन निरनिराळे गुणघटक मिळून एकच अवयव घडवितात, हे त्या सोळाव्या पिलाने सांगितले.

आता ह्या हौसेची दुसरी बाजू. वायनडॉट ही अमेरिकेतील कोंबडी. १८८३ साली तिला तेथील प्रमाणपुस्तकात स्थान मिळाले. गुलाबतुरा हे तिचे आवश्यक लक्षण. पाळणारे एकेरी तुऱ्याची पिले पिढ्यान्‌पिढ्या काढून टाकीत, तरी ती पुनःपुन्हा निघतच. शिवाय ह्या जातीची अंडी पुष्कळदा निष्फळ जात. १९४० साली हट नामक शास्त्रज्ञाने तिच्या प्रजननातील दौर्बल्याचा तिच्या जातिलक्षणांशी संबंध जोडला. मूळ कारण २०१२ साली उघड झाले. गुलाबतुऱ्याच्या पक्ष्यात एका गुणसूत्राचा सत्तर लाखांहून अधिक अक्षरांचा तुकडा उलटा बसलेला असतो. त्या उलथापालथीच्या एका टोकामुळे एक जनुक नको त्या जागी जागृत होऊन तुरा पसरतो; दुसऱ्या टोकाशी भलताच एक जनुक तुटतो, आणि ज्या नरास ह्या दोन्ही प्रती मिळतात त्याच्या शुक्रबीजांची गती मंदावते. म्हणजे प्रदर्शनाच्या दृष्टीने सर्वांत शुद्ध असा नरच प्रजेच्या बाबतीत दुबळा! एकेरी तुऱ्याचा अंश पोटात बाळगणारा ‘अशुद्ध’ नर त्याच्यावर मात करी, आणि म्हणूनच तो अंश निपटून निघेना. ज्या पिलांस कलंक म्हणून बाहेर काढीत, त्यांच्याच अंशावर जातीचा वंश टिकत होता.

शुद्धतेच्या ह्या कल्पनेस सेमाडोहच्या रानातूनही एक उत्तर आहे. डार्विनने १८६८ साली सर्व पाळीव कोंबड्यांचे मूळ एका लाल रानकोंबड्याकडे नेले. राखी रानकोंबड्याचा संकर बहुधा वांझ ठरतो, म्हणून त्यास त्याने वगळले. परंतु पाळीव कोंबडीच्या पिवळ्या पायांचा जनुक ह्या राखी पक्ष्याकडूनच आला आहे, असे २००८ साली दिसून आले. प्रमाणपुस्तकात वायनडॉटचे पाय पिवळेच असावे लागतात.